डेअरीतला छापील कौल

बेंबळीच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या दूध डेअरीत त्या सकाळी दुधाच्या किटल्या भिंतीकडेला ठेवून माणसं जमिनीवर हात जोडून बसली होती. समोर चौरंग, चौरंगावर लाल कापड आणि त्यावर दुधाची बिलं छापणारा प्रिंटर. त्याला झेंडूचा हार घातला होता, गंध लावलं होतं. उदबत्ती मात्र जरा लांब लावलेली, राख आत जाऊ नये म्हणून. तेवढी अक्कल शाबूत होती.

चमत्कार असा, की डेअरीचा कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी धाराशिवला गेला होता. प्रिंटरला करंटची वायर तेवढी दिसायची. तरी गावात मुक्कामाला आलेल्या योगीराज महाराजांनी डोळे मिटून प्रश्न पुटपुटला, की प्रिंटर घरघरायचा आणि उत्तराचा कागद बाहेर यायचा. आमच्याकडं देवाला फूल लावून कौल मागतात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. इथं तर देव सविस्तर खुलासा करत होता.

"जो निराकार, त्याला वायर कशाला?" महाराज विचारायचे. "तो निर्गुण, निराकार, निर्वायर. इथं भुताखेतांना वाटच नाही."

लोक माना डोलवायचे. प्रत्येक कागदाच्या तळाला ‘पान १ पैकी १’ असं यायचं. "म्हंजी देव एकच हाय," असा त्याचा अर्थ डेअरीचे सेक्रेटरी धनाजीराव सांगायचे. एकदा कागद संपून लाल दिवा लागला, तेव्हा देव कोपला म्हणून नारळ फोडला. मग कुणीतरी कागद भरला आणि देव शांत झाला. मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. काय शिकवतो, असं कुणी मला त्या दिवशी विचारलं असतं तर तोंड लपवावं लागलं असतं.

मी हसून सोडूनही दिलं असतं. पण गर्दीतून कमलबाई बाहेर आल्या, हातात कागद धरून.

"मावशी, उद्या तुमचं डोळ्याचं ऑपरेशन, आज भरती व्हायचं आहे ना?"

"देवानं नगं म्हणलंय, गुरुजी."

कागदावर लिहिलं होतं, ‘डोळ्यास शस्त्र लावू नये. अंगारा लावावा.’ त्यांना काचबिंदू झालेला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली वाचवायची तर उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तसा छापील कागदही दिला होता. आणि त्यांचा मुलगा गोरोबा अंगाऱ्याची पुडी खिशात घालत होता. मला संताप आला.

महाराज डोळे मिटायचे तेव्हा त्यांचा शिष्य शंभू मोबाईलवर बोटं चालवायचा, हे मी पाहिलं होतं. तो नामजप टाईप करतोय अशी लोकांची समजूत. मीही मोबाईल काढला. डेअरीचं वाय-फाय सगळ्या गावाच्या मोबाईलला जोडलेलं आहे. धनाजीराव पासवर्ड चहासारखा वाटतात. मी दोन ओळी लिहिल्या, छापायचं बटण शोधलं, तर पडद्यावर डेअरीच्या प्रिंटरचं नाव हजर. दाबलं.

शंभू चहा पीत होता, महाराज केळं सोलत होते. प्रिंटर घरघरला. गोरोबानं कागद घेऊन मोठ्यानं वाचला, "कमलबाई, ऑपरेशनला जा. योगीराजाला डोळ्यातलं काही कळत नाही."

महाराज म्हणाले, "हे भूत बोललं."

"इथं भुताला वाटच न्हाय, असं तुमीच म्हणला की," गोरोबा म्हणाला.

मी चौरंगाचं कापड वर केलं. प्रिंटरच्या मागून एक निळी वायर चौरंगाखालून खिडकीत आणि खिडकीतून मागच्या खोलीत गेली होती.

"ही बघा निर्वायराची वायर. या प्रिंटरमध्ये वाय-फाय नाही. म्हणून शंभूनं ही वायर आतल्या वाय-फायच्या डबीत खोचली. प्रिंटर डबीपर्यंत वायरनं बोलतो, डबी मोबाईलशी हवेतून बोलते. त्या डबीला जोडलेला कुणाचाही मोबाईल इथं कौल देऊ शकतो."

वायर काढली, देव मुका झाला. परत खोचली, जरा वेळानं बोलायला लागला. मग काय, सगळ्या गर्दीला देवपण चढलं. बैलजोडीचा फोटो निघाला, कुणाच्या तरी मेहुणीची लग्नपत्रिका निघाली, वाढदिवसाचा बॅनर निघाला. धनाजीराव शाईच्या नावानं बोंबलत होते. त्या गोंधळात महाराज आणि शंभू मोटारसायकलवरून पसार झाले, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

कमलबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"गुरुजी, डाक्टरचा कागद बी असल्याच मशिनीतनं आला की. त्यो तरी खरा कशावरनं?"

प्रश्न बरोबर होता. मला तो आवडला.

"मावशी, मशीन फक्त छापतं. लिहितो माणूस. म्हणून कागद कुणाचाही असो, लिहिणाऱ्याला विचारायचं, तुला हे कसं कळलं? डॉक्टरांनी काय केलं होतं?"

"डोळ्यात लाईट मारून लई येळ बघितलं. थेंब घातलं, परत बघितलं."

"आणि महाराजांनी?"



"त्यो तर सोताचंच डोळं मिटून बसला हुता," त्या म्हणाल्या, आणि गोरोबाला गाडी काढायला सांगितली.