दोघांपुरती कॅरॅव्हॅन

नवरा वाईट असला म्हणजे बाईला निदान बोलायची सोय असते. शेजारीण ऐकून घेते, बहीण दोन शिव्या जास्तीच्या घालते, माहेरचं कोणीतरी येऊन दम देऊन जातं. नवरा चांगला असला की मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कल्याणीचा नवरा चांगला होता. उभ्या संसारात त्यांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आणि आता निवृत्त झाल्यावर ते खास तिच्यासाठी कॅरॅव्हॅन घेणार होते. गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. वारज्याच्या त्यांच्या सोसायटीत ही बातमी सगळ्यांना ठाऊक होती, कारण बद्रीनाथरावांनी ती स्वतःच लिफ्टमध्ये एकेकाला सांगितली होती.

"आईच्या आजारपणात अडकून पडली हो बिचारी," ते म्हणायचे. "आता तिला मोकळं करायचंय."

यात खोटं काही नव्हतं. सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या, त्या शेवटपर्यंत उठल्या नाहीत. त्या वर्षांत कल्याणी कोथिंबीर आणायला खाली उतरली तरी पळत वर यायची. तेव्हाच कधीतरी, चादर बदलता बदलता, ती नवऱ्याला म्हणाली होती, "एकदा अशा ठिकाणी जायचंय, जिथे मला कोणी हाक मारणार नाही." बद्रीनाथरावांनी ते वाक्य मनात जपून ठेवलं. हाक मारणाऱ्यांत आपणही येतो, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मग सासूबाई गेल्या. दिवसकार्य आटोपलं, नातेवाईक परभणीला परतले, मुलगी रुपाली हैदराबादला आपल्या संसारात गेली आणि बद्रीनाथराव पुन्हा कंपनीच्या बसने कामावर जाऊ लागले. त्यांच्या निवृत्तीला अजून थोडे महिने होते. त्या महिन्यांत सकाळी दार लागलं की संध्याकाळपर्यंत घर कल्याणीचं असायचं. तिने काय केलं म्हणाल तर सांगण्यासारखं काहीच नाही. भिंतीला टेकून फरशीवर बसायची. चहा गार झाला तर गार प्यायची. कधी स्वयंपाकच करायची नाही, मुरमुऱ्यांत कांदा चिरून घालायची आणि तेच जेवण. "काय करतेस?" म्हणून विचारायला कोणी नव्हतं. आपण सुखात आहोत हे तिला तेव्हाच्या तेव्हा कळत होतं, आणि ते कोणाला सांगितलं तर लोक काय म्हणतील हेही कळत होतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी बद्रीनाथरावांनी मसाल्याच्या डब्यांवर नावं चिकटवली. दर रविवारी मित्रांकडे चक्कर मारून येत, तेवढा वेळ सोडला तर ते घरीच असत. ती पोळ्या लाटायला लागली की ते ओट्याला टेकून उभे राहत. ती बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेली की मागोमाग येत.

"काय करतेस?"

"कपडे वाळत घालते."

"मग मी चिमटे देतो."

माणूस मदत करायला आला तर त्याच्यावर खेकसणार कसं?

कॅरॅव्हॅनचं खूळ पहिल्यांदा निघालं तेव्हा कल्याणी मनातून हरखली होती. तिला वाटलं, हे जुन्या मित्रांबरोबर आठ-आठ दिवस हिंडतील आणि आपण घरी राहू. म्हणून तिने हौसेने मान डोलावली, त्यांच्या शेजारी बसून व्हिडिओ पाहिले, "घ्याच हो, हौसेला मोल नाही" असंही म्हणून बसली. आणि मग एक दिवस जेवताना ते म्हणाले, "ऑफ-ग्रिड म्हणजे कळलं ना? विजेचा खांब नाही, नळ नाही, मोबाईलला रेंज नाही. फक्त तू आणि मी." या बेतात आपणही आहोत हे कल्याणीला तेव्हा कळलं. पण "घ्याच" असं तिनेच म्हटलं होतं. आता नको म्हणायचं तर कोणत्या तोंडाने?

एका रविवारी दोघं कॅरॅव्हॅन बघायला गेले. इम्तियाजच्या घरात तीन पिढ्या टेम्पोच्या बॉड्या बांधायचं काम होतं. कसब्यातली जागा पुरेना म्हणून त्याने हायवेच्या कडेला शेड टाकली होती आणि आता तो कॅरॅव्हॅन बांधायचा. शेडमध्ये दोन तयार उभ्या होत्या, एक छोटी आणि एक मोठी.

"या काकू," छोटीच्या मागचं झाकण वर उचलत तो म्हणाला. "हे तुमचं किचन. शेगडी, सिंक, मसाल्याला कप्पा. झाड दिसलं की गाडी थांबवायची आणि सुरू करायचं."

"आणि हे काय?" बाजूला अडकवलेल्या कापडी खुर्चीकडे बघत तिने विचारलं.

"ती सरांची खुर्ची. फोल्डिंग आहे."

खुर्ची ओट्यापासून हातभर अंतरावर उघडत होती. बद्रीनाथरावांनी लगेच तीत बसून पाहिलं. "इथून तुझ्याशी बोलता येईल," ते खूश होऊन म्हणाले. कल्याणी म्हणाली, "छान आहे." परक्या माणसासमोर नवऱ्याला खाली बघायला लावायचं नाही, ही सवय तिच्या हाडीमांसी मुरली होती.

मोठीत पलंग आत होता. टेबल खाली सरकवलं की त्याचाही पलंग व्हायचा. बद्रीनाथरावांनी इम्तियाजला म्हटलं, "जरा दार लावून बघतो हं, आतून कसं वाटतं ते." इम्तियाज हसत दुसरीकडे गेला. दार लागलं. ते दोघं कपड्यांनिशी, ठेवणीतल्या साडीनिशी, त्या पलंगावर आडवे झाले.

"आता ऐक," बद्रीनाथराव म्हणाले.

"काय ऐकू?"

"काहीच ऐकू येत नाही, तेच ऐक. भिंतींत फोमचा जाड थर भरलाय, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नाही. छतावर सोलर आहे. टाकी भरून घेतली आणि पाणी जपून वापरलं तर गावात जायचीही गरज नाही. कोणी येणार नाही, कोणी जाणार नाही..."

शांततेबद्दल ते बराच वेळ बोलत राहिले. कल्याणी छताकडे बघत होती. हात वर केला तर लागेल इतकं ते जवळ होतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नवरा, आणि उठायचं तर त्यांना ओलांडून. सासूबाईंचा डोळा लागला की खोलीबाहेर तरी येता यायचं. इथून बाहेर पडून जायचं कुठे? बाहेर रान, आणि रानात ती खुर्ची. आपल्याला चक्क भीती वाटतेय हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची लाजही वाटली, कारण शेजारचा माणूस तिचा हात हातात घेऊन हळूहळू थोपटत होता.

"मला जरा उतरू द्या," ती म्हणाली.

बाहेर इम्तियाज मोजपट्टी घेऊन उभाच होता. "मग सर, मोठी फायनल? तुम्ही हो म्हणा, उद्यापासून तुमच्या गाडीचं काम धरतो."

कल्याणीला वाटलं, घरी जाऊन सांगू. पण घरी गेल्यावर सांगू असं म्हणत तिने आजवर जे जे मनात ठेवलं होतं, ते सगळं मनातच राहिलं होतं. तिने पदर खांद्यावर घेतला आणि इम्तियाजला विचारलं, "एका माणसाची बनवता का?"

"बनवतो की. फोटो काढणारे लोक घेतात. कोण, तुम्ही जाणार काकू?"

"नाही. हे जातील."

बद्रीनाथराव दारातच थांबले. "आणि तू?"

"मी घरी."

"एकटी? घरी काय करशील?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. बसेन."

"कंटाळशील."

"नाही कंटाळणार," कल्याणी म्हणाली. इम्तियाज शहाणा. त्याला अचानक शेडच्या त्या टोकाला काम आठवलं.

"विचार करून कळवतो," बद्रीनाथराव त्याला लांबूनच म्हणाले.

परतीच्या वाटेवर ते नुसते समोर बघून गाडी चालवत राहिले. इतर वेळी ते पुढच्या गाडीच्या नंबरावरूनही बोलत. कल्याणी खिडकीबाहेर बघत होती. वाईट वाटत होतं, नाही असं नाही. त्यांचा उतरलेला चेहरा तिला बघवत नव्हता. पण त्या वाईट वाटण्याखाली एक आनंद होता आणि तो काही केल्या दबत नव्हता. बोलून टाकलं एकदाचं. आता हे कोयनेकडे जातील, कोकणात उतरतील, तारे बघतील. आपण त्यांना लाडू बांधून देऊ, दशम्या देऊ, खाली जाऊन हातही हलवू. आणि मग वर येऊन दार लावून घेऊ. भिंतीला टेकून बसायचं, एवढंच तिने ठरवलं. त्यापुढचं काही ठरवायचंच नव्हतं.

घरी आल्यावर बद्रीनाथरावांनी बूट काढले, घोटभर पाणी घेतलं आणि तिच्यासमोरच फोन लावला. "इम्तियाजभाई, गाडीचं राहू द्या. नाही, छोटी नको, मोठी नको, एकट्याचीही नको. तुमचं काम छान आहे, त्याबद्दल काही नाही."

"अहो, असं काय?" कल्याणी घाबरून म्हणाली. "तुम्ही घ्या ना. तुमची हौस आहे."

"बस इथे," ते फरशीवर बसत म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "गाडीत सगळा रस्ता विचार करत होतो. चूक माझी आहे. इतकी वर्षं तू या घरात राबलीस, पण घर तुझ्या वाट्याला आलंच नाही. तुला बाहेर जायचंच नाहीये. तुला हे घर हवंय. निवांत. हो ना?"

कल्याणीच्या डोळ्यांना धार लागली. इतक्या वर्षांत तिचं मन कोणी असं अचूक ओळखलं नव्हतं. तिने मान हलवली.

"मग झालं तर," बद्रीनाथराव म्हणाले. "तुला असं एकटीला बसवून मी रानोमाळ हिंडेन? इतका स्वार्थी नाही गं मी. मित्रांच्या त्या दर रविवारच्या चकराही बंद. आता कुठे म्हणून कुठे जायचं नाही. आपण दोघं मिळून इथेच बसू, काही न करता."

ते सरकून तिच्या शेजारी आले, भिंतीला पाठ टेकून नीट बसले आणि तिच्याकडे वळून उत्सुकतेने म्हणाले, "हं, सांग. काही करायचं नाही म्हणजे सुरुवात कशी करायची?"

कल्याणीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं. तिने डोळे पुसले आणि ती उठली.

"चहा ठेवते," ती म्हणाली.

"थांब," बद्रीनाथराव गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले, "मीही येतो."