डाव्या हाताची कात्री

घरची रीत अशी, की दुकानातली मोठी कात्री थोरल्याच्या थोरल्याकडे जाते. ती आजोबांनी मुद्दाम डाव्या हातासाठी करवून घेतली होती. त्यांच्यानंतर घरात डावखुरं माणूस एकच निघालं, आणि ती मुलगी होती. लहानपणी जेवताना त्या हातावर पट्टी बसे. सतराव्या वर्षी तिनं खणातली गंजलेली कात्री काढून धार लावून आणली. पुढची चाळीस वर्षं दुकानातलं प्रत्येक कापड तिनंच बेतलं. पाटीवर नाव मात्र थोरल्या भावाचं.

सोमवारी सकाळी भाऊ आपल्या मुलाला घेऊन आला. मुलाचं नवं दुकान, काचेचं दार, एसी.

"कात्री दे," भाऊ म्हणाला. "उद्या उद्घाटन आहे."

"दादा, टेबलावर अर्धा कापलेला कोट आहे. दिसत नाही का?"

"दुसरीनं काप. बाजारात कात्र्यांचा दुष्काळ पडलाय?"

तिनं कात्री भाच्यापुढे सरकवली. "घे. ही बाही काप. रेघ मारलेली आहे."

भाच्यानं ती उजव्या हातात धरली. कापड पात्यांमध्ये दुमडलं, कापलं गेलंच नाही. त्यानं जोर लावला. अंगठा लाल झाला.

"आत्या, ही बिघडलीय."

"चाळीस वर्षं बरी होती. तुझ्या हातात आली नि बिघडली?"

"बास!" भाऊ ओरडला. "त्याला कुठे कापायचंय? भिंतीवर लावायचीय, काचेच्या पेटीत. खाली लिहायचं, तीन पिढ्यांची कात्री."

"आजोबा, बाबा आणि तू? तू कधी हातात तरी धरलीस का रे?"

"तू मदत केलीस, कोण नाही म्हणतंय?"

"मदत."

तिनं शिलाई मशीनच्या खणातून पेचकस काढला. कात्रीचा मधला स्क्रू सोडवला. तो तिनं बदलून घेतलेला होता. मुठीवरचं चामडं उसवलं. ते तिनंच शिवलं होतं. दोन्ही वस्तू पर्समध्ये टाकल्या. टेबलावर सुटी दोन पाती उरली.

"आजोबांचं एवढंच. ने."

"डोकं फिरलंय का तुझं? चार वाजता गिऱ्हाईक कोट न्यायला येणार!"

"पाटीवर नाव आहे ना, त्याला सांग कापायला."

गळ्यातली टेप काढून तिनं घडी घातली आणि ती पायऱ्या उतरली.

पाती पेटीत लागली, तारेनं फुलीसारखी बांधून. लोक थांबून बघतात. आत्यानं पलीकडच्या गल्लीत एक खोली घेतली, डाव्या हाताची नवी कात्री मागवली. नवी मूठ टोचते. अंगठ्याला फोड आला.

पंधरा दिवसांनी भाचा दारात उभा राहिला. काखेत सहा कोटांचं कापड.

"बाबा म्हणाले, फक्त बेतून दे. आपलंच काम आहे."

"देते की. पेटीतली कात्री घेऊन ये."

भाच्यानं काखेतलं कापड सावरलं. "आत्या, तिला स्क्रू नाहीये."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि समोरच्या दुसऱ्याच कापडावर खडूनं रेघ ओढली.