उलटा टाका

"हुंगतेस काय अशी? पाव आहे का तो?" वॉल्ट हसला.

"चहाचा वास येतोय," इव्रोज म्हणाली. "कुणीतरी चहात बुडवून पिवळा केलाय."

बेसबॉलच्या त्या चेंडूचा मालक, ग्रेडी, टेबलापलीकडे उभा होता. चेंडू १९३८ सालचा आणि त्यावरची सही एका थोर दिवंगत खेळाडूची, असं सांगून कुणीतरी तो त्याच्या गळ्यात मारला होता. घबाड स्वस्तात मिळालं म्हणून महिनाभर ग्रेडीचे पाय जमिनीवर नव्हते. आज तो विकायला आला होता.

अमेरिकेतल्या ब्रॉकटनच्या रविवारच्या जुन्या बाजारात सह्यांचे चेंडू विकणारा वॉल्ट कुठलाही चेंडू इव्रोजला दाखवल्याशिवाय घेत नसे. एका वृद्धाश्रमात धुणं धुणारी ही हैतीची बाई. पण त्याआधी बावीस वर्षं तिने पोर्ट-ओ-प्रिन्सच्या कारखान्यात हेच चेंडू शिवले होते. बाजारात सह्या पाहणारे पैशाला पासरी होते, टाके पाहणारी ती एकटीच. एक खोटा पकडला की तिला डॉलरवाल्या पेटीतला एक चेंडू फुकट. ती पेटी ती तासभर उपसायची, एकेक शिवण अंगठ्याने चाचपायची आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत जायची.

"सोनं पुरलंय का गं त्यात?" वॉल्ट विचारायचा. ती पुढचा चेंडू उचलायची.

ती जिस्लेनला शोधत होती. तिची धाकटी बहीण कारखान्यात तिच्या शेजारीच बसायची. डावखुरी. दोन सुया, लाल धागा, एकशे आठ टाके. त्यातले एकशे सहा सुरेख पडायचे आणि शेवटचे दोन हमखास उलट्या अंगाला कलायचे. मुकादम असले चेंडू तोंडावर फेकायचा. म्हणून त्याच्या नजरेला पडण्याआधीच इव्रोज ते दोन टाके ब्लेडने उसवायची, स्वतः घालायची आणि वर जिस्लेनला चार शब्द सुनवायची, "डोळे फुटलेत का गं तुझे?" १९८१ साली जिस्लेन फ्लोरिडाला जायला होडीत बसली. होडी पोचलीच नाही. तिची ना कबर होती, ना फोटो. काही उरलं असलंच, तर इव्रोजच्या ब्लेडच्या तावडीतून सुटलेला एखादा टाका.

आज तो तिच्या अंगठ्याखाली होता. तिने चेंडू फिरवून पुन्हा चाचपला. शेवटचे दोन, उलटे.

पण बाजाराचा पहिला धडा तिला वॉल्टनेच दिला होता: वस्तू आवडली की चेहरा मख्ख ठेवायचा, नाहीतर ती हातची जाते. आणि इथे तर खरं बोलण्यातच तिचा फायदा होता. खोटा ठरलेला चेंडू शेवटी डॉलरच्या पेटीतच पडायचा.

"खोटा आहे," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "हे गायीचं कातडं. त्या काळी घोड्याचं असायचं. हा आमच्याकडे शिवलाय, ऐंशीच्या आसपास."

"ही कोण लागून गेली?" ग्रेडी उसळला. "धुणंवाली मला शिकवणार?"

"तिचा अंगठा आजवर चुकलेला नाही, बाबा," वॉल्ट म्हणाला. शेजारच्या टेबलावरचे दोघे फिदीफिदी हसले. "चहा तरी साखरेचा होता का, ग्रेडी?"

ग्रेडीचा चेहरा लालबुंद झाला. त्याने चेंडू तिच्या हातातून ओढून घेतला. आता फेकेल, इव्रोजच्या मनात आलं. आता फेकेल, मग मी सावकाश उचलीन. ती मख्ख उभी राहिली. ग्रेडीने खिशातून खोकी कापायचा चाकू काढला.

"नको!" ती ओरडली तोवर पातं शिवणीवरून सर्रकन फिरलं होतं. कातड्याच्या दोन पाकळ्या गळून पडल्या. आत चकचकीत पॉलिएस्टरचा धागा, जो १९३८ साली नव्हताच. ग्रेडीने सगळं टेबलावर आपटलं आणि तो शिव्या देत निघून गेला.

इव्रोज गवतात गुडघे टेकून लाल धाग्याचे तुकडे वेचू लागली. नखाएवढे तुकडे, कुठला कुठल्या टाक्याचा, काही कळत नव्हतं.

"अगं, रडतेस काय?" वॉल्ट गोंधळून गेला. "हवा होता तर बोलायचंस की मला! घेऊन जा तो. तुझे हात आहेत ना, शिवून टाक."

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातल्या डब्यातून कारखान्यातल्या दोन सुया काढल्या. नवा धागा मेणावरून ओढला. जुनी भोकं तशीच होती. एकशे सहा टाके तिने न अडखळता घातले. मग डाव्या हातात सुई घेऊन शेवटचे दोन घातले. डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. ब्लेडने उसवले. पुन्हा घातले, पुन्हा उसवले.

दर वेळी ते सरळच पडत होते.