टेलरकाकांची पाटी

माझ्या भाषणाला सात मिनिटं होती आणि टेलरकाकांची गोष्ट होती नऊ मिनिटांची. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सबबी शोधायची मला सवय आहे.

परिषद परदेशात होती. बावीस देशांतल्या मुली, सगळ्या आपापल्या भागात मुलींच्या शाळेसाठी भांडणाऱ्या. आमच्या गटातून मी गेले. गट म्हणजे आम्ही सहा जणी. शाळा सुटलेल्या मुलीच्या घरी जायचं आणि ती परत वर्गात बसेपर्यंत घरच्यांचं डोकं खायचं, एवढंच आमचं काम. टेलरकाकांचं डोकं आम्ही पाच महिने खाल्लं.

त्यांची मुलगी सुई. अंगाने तशीच, म्हणून सगळे सुईच म्हणायचे. गेल्या वर्षी काकांनी तिला शाळेतून काढून दुकानात बसवलं होतं. बायका पुरुष टेलरला माप घेऊ देत नाहीत, आणि काकू वारल्यापासून माप घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. "ती शाळेत गेली तर टेप कोण धरणार? तू?" असं ते मला विचारायचे. मग एका सकाळी त्यांनी आपण होऊन दुकानाबाहेर पाटी लावली : 'बायकांनी मापाला जुना कपडा आणावा.' सुई शाळेत गेली. निम्म्या बायका दुसऱ्या टेलरकडे गेल्या. काकांनी ब्र काढला नाही.

परिषदेसाठी माझा कोटही त्यांनीच शिवला. मापं सुईने घेतली, शाळेला सुट्टी होती त्या दिवशी. "ताई, ताठ उभ्या राहा. तिकडे काय अशाच वाकणार?" असं मला दटावत.

तो कोट घालून मी स्टेजवर काकांची गोष्ट सांगितली आणि पाटी यायच्या आधी थांबले. आमच्या समन्वयक बाई म्हणाल्या होत्या, "शेवट गोड झाला की लोक टाळ्या वाजवतात आणि विसरतात. बापाने पोरीच्या हातात टेप दिली, तिथेच थांब." मी थांबले. वर पदरचं एक वाक्य घातलं : "ती आजही त्या दुकानात वाट बघते आहे." अख्खं सभागृह उभं राहिलं. मला रडू आलं, आणि खरं सांगते, ते स्वतःच्याच कौतुकाने आलं होतं.

नाव मी कुणाचंच घेतलं नव्हतं. केवढी मी शहाणी! आमच्या भागात पोरीच्या हाती टेप देणारा टेलर एकच. मी परत यायच्या आत व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर पोचला होता.

आल्या आल्या गटातल्या मैत्रिणीने सांगितलं, सुई दोन आठवडे शाळेत आलेली नाही आणि परीक्षेच्या फॉर्मची उद्या शेवटची तारीख. मी मनात म्हटलं, काका चिडले आणि पोरीला बसवलं, ये रे माझ्या मागल्या. वाटेभर मी त्यांच्याशी भांडायची तयारी केली. त्यात माफीची एक ओळ होती, तीही शेवटी.

दुकानाबाहेर पाटी नव्हती. तिचे दोन खिळे तेवढे भिंतीत राहिले होते. काका आत काजं करत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोट खांद्यात बरोबर बसला ना?"

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. "काका, चुकलं माझं," मी म्हटलं. "पण फॉर्मवर सही करा. तिचं वर्ष नका घालवू."

त्यांनी मशीनचा खण ओढला आणि फॉर्म माझ्यापुढे ठेवला. खाली त्यांची सही होती, आठ दिवसांपूर्वीच्या तारखेची.

"मी केव्हाच केली. तूच समजाव तिला. माझं ऐकत नाही ती."

म्हणजे त्याच माणसाला न विचारता मी दुसऱ्यांदा गुन्हेगार ठरवलं होतं. या वेळी तर टाळ्याही नव्हत्या.

पडद्यामागून सुई आली. गळ्यात टेप.

"पाटी मी काढली," ती म्हणाली. "कपडे न्यायला आलेली एक बाई बाबांना तोंडावर म्हणाली, पोरीच्या जिवावर जगणारा बाप. बाबा नुसते हसले. समोरची पाटीसुद्धा दाखवली नाही तिला. रात्री जेवले नाहीत."

"सुई, मी..."

"तुम्ही सांगितलंत ना सगळ्यांना, मी इथे वाट बघत बसलेय म्हणून? मग म्हटलं, बसते. गेलेल्या बायका तरी परत येतील. शिव्या खायच्याच, तर बाबांनी फुकट कशाला खायच्या?"

अडचण आली की भाषणं देणारे फोन काढतात. मी समन्वयक बाईंना फोन लावला. "खुलासा आत्ता नको," त्या म्हणाल्या. "मोहीम जोरात आहे. जरा थांब." त्यांच्या सांगण्यावरून एकदा थांबले होते, तेवढं पुरे झालं. मी घरी जाऊन कोट घालून आले आणि सुईच्या हातात माझा फोन दिला.

"धर. माझं सगळं सांगून होईपर्यंत बंद करू नकोस."

नऊ मिनिटं लागली. पाटीचं सांगितलं, गेलेल्या बायकांचं सांगितलं, वाट बघण्याचं वाक्य मी रचलं होतं हेही सांगितलं. काका मशीन थांबवून ऐकत होते. मधेच म्हणाले, "पुरे, पोरी." मी थांबले नाही. सुईचा हात जरासुद्धा हलला नाही.

पहिला व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला होता. हा दुसऱ्या सकाळपर्यंत एकशे चाळीस जणांनी पाहिला, त्यात सहा आम्हीच.

सकाळी मी शाळेत फॉर्म घेतात त्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. अकरा वाजले तरी कोणी नाही. मग फाटकातून सुई आली, मागून काका, काखेत पाटी. "जुने खिळे गंजलेत, नवे आणतो," मला एवढंच म्हणाले आणि बाजाराकडे वळले.

सुईने फॉर्म आत सरकवला, पावती घेतली, दप्तरात नीट ठेवली. माझा जीव भांड्यात पडला. मी पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. ती बाजूला सरकली. रागाने नव्हे, गर्दीत परक्या माणसाला चुकवतो तशी.

"जरा जाऊ द्या, मॅडम," ती म्हणाली. "तास सुरू झालाय."