दोन खाचांची शेळी

सोलापुरात खोली घेऊन राहणाऱ्या सोनालीनं 'वज्रसम्राट' या मोबाइल गेमची टर उडवणारा फुकटचा गेम बनवून नेटवर टाकला. त्यात तलवारवाला सम्राट घागर घेऊन टँकरमागं पळायचा आणि एक शेळी त्याला ढुशी देऊन आडवा करायची. लोक पोट धरून हसले. तेवढ्यानं 'वज्रसम्राट'च्या कंपनीला मिरच्या झोंबल्या. कंपनीनं चोरीची तक्रार केली आणि साइटवाल्यांनी न विचारता गेम उडवला. ही चोरी नाही, विडंबन आहे, असं सोनालीनं तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा मशीनचं तेच गुळगुळीत उत्तर आलं.

महिन्याभरानं कंपनीनं आपल्या गेममध्ये एक नवी शेळी आणली.

सांगोल्याहून आलेल्या सोनालीच्या वडिलांनी, सिद्धाप्पांनी, ती लेकीच्या मोबाइलवर पाहिली. "ही आपली हाय की."

डाव्या कानाला दोन खाचा होत्या. कळपात ओळखू यावी म्हणून त्यांच्या घरात प्रत्येक शेळीला पाडतात, तशाच. सोनालीनं हाताच्या सवयीनं त्या आपल्या गेममधल्या शेळीलाही काढल्या होत्या.



सिद्धाप्पांनी मोबाइल पालथा ठेवला. "आमच्याकडचा शेळीचोरबी आधी खूण मोडतो. ह्यांना तेवढीबी भीती न्हाय."