कॉप्समधला कोयता

मी एक जुना कोयता आहे, मित्रांनो. नाव ऐकून मागे सरकू नका. आयुष्यात मी फांदीशिवाय कशालाही लागलो नाही. एकदा फक्त जावईबापूंच्या अंगठ्याला लागलो, आणि त्यात चूक त्यांची होती. ते पुढे सांगतोच.

लोहारानं मला मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलं आणि टोकाला पोपटाच्या चोचीसारखा बाक दिला. मला विकत घेणारे काका तेव्हा एका लाकूड कंपनीत मजूर होते. कंपनीचा कारकून रोज सकाळी कामाचा कागद इंग्रजीत वाचून दाखवायचा. काकांना इंग्रजी येत नव्हतं, मला तर कुठलीच लिपी येत नाही. पण कुठल्या शब्दाला किती घाम गाळावा लागतो, हे आम्हा दोघांना महिन्याभरात पाठ झालं.

'वुड' म्हटलं की झाडी दाट खरी, पण जेवणाच्या सुट्टीच्या आत या टोकाकडून त्या टोकाला पोचता यायचं. 'फॉरेस्ट' म्हटलं की दिवसभर चाला, दुसरी बाजू दिसायची नाही. तिथे आम्ही वाटेवर पडलेल्या फांद्या तेवढ्या तोडायच्या, उभ्या झाडाला हात लावायचा नाही. 'ग्रोव्ह'मध्ये झाडं मोजकी, खाली झुडपं नाहीत, लोक सावलीत बसायला येणार. तो माझा आरामाचा दिवस. 'थिकेट' म्हणजे नुसतं गचपण. त्यात शिरलं की काकांचा सदरा फाटायचा आणि माझी धार जायची. 'ऑर्चर्ड' ही फळबाग. तिथे छाटणीच्या कात्रीची मिजास, मला कोण विचारतो! तुम्ही या सगळ्याला झाडी म्हणून मोकळे होता. आम्हाला ते परवडलं नसतं.

माझं खरं घर मात्र 'कॉप्स'. ही लहानशी झाडी असते, आणि तिथली झाडं बुडाशी कापतात. ती मरत नाहीत बरं का! खुंटाला सरळसोट धुमारे फुटतात आणि चार वर्षांत त्यांच्या छान काठ्या होतात. काकांनी नोकरी सोडून असा एक तुकडा सरकारकडून करारानं घेतला. त्याचे चार भाग पाडले आणि दर हिवाळ्यात एकेक भाग कापायचं ठरवलं. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली मावशी म्हणते, ती त्या काठ्या चिरून टोपल्या विणायची. काका गेल्यावर तिनंच मला हातात घेतलं. लोक म्हणायचे, मावशीच्या टोपलीत दगड भरा, बूड सुटणार नाही. कौतुक टोपलीचं होतं, पण त्यातलं अर्धं मी माझ्याकडे घेत असे.

मग कराराची मुदत संपली आणि नवा फॉर्म आला. फॉर्म इंग्रजीत, म्हणून तो जावईबापूंकडे गेला. जावईबापू शिकलेले, स्वभावानं चांगले, पण सासुरवाडीत आपलं वजन पडावं ही हौस दांडगी. जागेचा प्रकार या रकान्यात जुन्या करारात 'कॉप्स' होतं. त्यांना तो शब्द फारच किरकोळ वाटला. सासूबाईंच्या जागेला शोभेल असा भारदस्त शब्द हवा, म्हणून त्यांनी ठोकून दिलं 'फॉरेस्ट'. मावशीनं विश्वासानं सही केली.

महिन्याभरात सरकारी कचेरीचं पत्र आलं. फॉरेस्टमध्ये उभं झाड कापायला मनाई आहे, तोड ताबडतोब थांबवा. जावईबापूंनी ते वाचून दाखवलं. मावशीनं मला दाराआड खिळ्याला टांगलं. माझ्यावर ओलं फडकं वाळत पडू लागलं.

दोन हिवाळे असे गेले. मी गंजलो, त्याचं मला वाईट वाटलंच. पण तिकडे काठ्या मनगटाएवढ्या जाड झाल्या, वाकेनाशा झाल्या. त्यांच्या सावलीत खुंटांचे नवे कोंब मरू लागले. टोपल्या थांबल्या. मावशी ओट्यावर बसून रिकामी बोटं एकमेकांत गुंफायची आणि सोडायची. ते मला बघवत नसे.

तिनं कचेरीत इतके खेटे घातले की शेवटी पाहणीसाठी एक बाई आल्या. मावशीनं मला घासूनपुसून बरोबर घेतलं. जावईबापूही मागून आले. बाई एका खुंटापाशी बसल्या. खुंटावर जुने तिरके घाव होते, पाणी साचू नये म्हणून तिरके. मावशीनं माझी चोच एका घावावर टेकवली. ती बरोबर बसली.

"ही तर कापून राखलेली झाडी," बाई म्हणाल्या. "हिला फॉरेस्ट कुणी लिहिलं?"

"कारकुनाची चूक असेल," मावशी म्हणाली.

कचेरीतल्या कारकुनानं तिला फॉर्म कधीच दाखवला होता. अक्षर कुणाचं, ते तिनं पहिल्याच खेपेला ओळखलं होतं. लेकीसमोर जावयाची मान खाली जायला नको, म्हणून ती तेव्हापासून गप्प राहिली होती.

जावईबापू पुढे आले आणि म्हणाले, "कारकुनाची नाही. मीच लिहिलं. मोठा शब्द बरा दिसेल असं वाटलं."

बाईंनी शब्द खोडला, वर 'कॉप्स' लिहिलं आणि सही केली. त्याच आठवड्यात जावईबापूंनी मला उचललं आणि पहिल्याच घावाला अंगठा कापून घेतला. मावशी हसली नाही. तिनं पट्टी बांधली आणि म्हणाली, "अजून खाली, बुडाशी कापा. म्हणजे परत फुटेल."

मित्रांनो, हत्यार वापरलं की पुसून, तेल लावून ठेवा, ही माझी विनंती. आणि एखाद्या जागेचं नाव लिहायची वेळ आली, तर आधी तिथे जाऊन या. आमच्या कागदावरचा शब्द एका रेघेत दुरुस्त झाला. सावलीत गेलेले एकोणीस खुंट मात्र पुन्हा फुटले नाहीत. जावईबापू अजून दर रविवारी जाऊन ते बघून येतात.