प्रितेश मढवीचा डावा हात

घणसोली गावातल्या प्रितेश मढवीला एकोणतिसाव्या वर्षी असं वाटू लागलं, की आपलं शरीर जुन्या मॉडेलचं आहे. महाप्याच्या एका कंपनीत बसून तो लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर फोनवरून चालू करून द्यायचा. ‘एकदा बंद करून परत चालू करा’ हे वाक्य दिवसातून साठ वेळा म्हणणाऱ्या माणसाला भविष्याची ओढ लागली, तर त्याला दोष देता येत नाही. मोबाईलवर तो परदेशातल्या माणसांचे व्हिडिओ बघायचा. त्यांच्या कातडीखाली चिप होती, बोटात चुंबक होतं, आणि चेहऱ्यावर असं काही समाधान होतं जे प्रितेशला आपल्या ऑफिसात कोणाच्याही चेहऱ्यावर कधी दिसलं नव्हतं.

वाशीत एक टॅटूवाला हे काम करतो, असा पत्ता लागला. एका शनिवारी दुपारी प्रितेश तिथे जाऊन बसला. टॅटूवाल्याने डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या मऊ जागेत जाड सुईने तांदळाच्या दाण्याएवढी चिप सोडली आणि अनामिकेच्या टोकाला चीर देऊन त्यात मसुरीच्या डाळीएवढं चुंबक बसवलं. “भूल नाय देत आपण. आपण डॉक्टर नाय,” हे त्याने आधीच प्रामाणिकपणे सांगितलं होतं. लहानपणी कान टोचताना अख्खी आळी गोळा करणारा प्रितेश दात आवळून गप्प बसला.

चिपचं काम एवढंच होतं, की कोणी हातावर मोबाईल टेकवला की त्यात एक वेबपेज उघडायचं. एका फुकटच्या साइटवर आठवडाभर खपून प्रितेशने ते पान बनवलं होतं. वर काळ्या चष्म्यातला फोटो, खाली शिक्षण आणि छंद, आणि मथळ्याला ‘प्रितेश मढवी: अपग्रेडेड’. कोणी त्यात घुसून काही बदलू नये म्हणून त्याने चिपला कायमचं लॉक मारलं. मोबाईलने दोनदा विचारलं, हे पुन्हा बदलता येणार नाही, नक्की ना? प्रितेशने दोन्ही वेळा न वाचता ‘हो’ दाबलं. लोक न वाचता ‘हो’ दाबतात, अशी तक्रार तो स्वतः रोज करायचा.

त्याची आई चंद्राबाई गावच्या बाजारात मासळी विकायची. सुजलेलं बोट बघून ती म्हणाली, “कनी कापला तुजा हात?”

“कोणी कापला नाही. मीच करून घेतलं. आता मला चालू मशीन हाताला जाणवतं. सहावं इंद्रिय आहे ते, आई.”

“मंग मघापासून गॅस चालू रायलाय, तो नाय जानवला?”

प्रितेश उठून गॅस बंद करून आला. गॅस चुंबकाला जाणवत नाही, हे समजावण्यात अर्थ नव्हता.

ऑफिसात मात्र तो दोन दिवस हिरो झाला. बोटाने टाचणी उचलून दाखवली, मिक्सरजवळ हात नेला की कसं गुणगुणतं ते सांगितलं. दार हाताने उघडावं, अशी त्याची फार इच्छा होती. पण ऑफिसच्या दाराचं मशीन वेगळ्या जातीचं निघालं. मग तो साधं कार्ड तळहाताखाली लपवून ऐटीत हात फिरवायचा. दार उघडायचं. बघणाऱ्याला फरक कळत नव्हता, आणि हळूहळू प्रितेशलाही कळेनासा झाला.

वर्षभराने त्याच्या मोठ्या बहिणीने, अमिताने, जासईचं एक स्थळ आणलं. मुलीचं नाव रुतिका. रविवारी चंद्राबाई, अमिता, चांगदेवमामा आणि प्रितेश गाडीने निघाले. मामा कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तीस वर्षं खुर्चीवर बसून होता आणि गाडीतही जरा तिरकाच बसला होता. अमिता वाटभर सांगत होती, मुलगी नेरुळला कामाला आहे, कसल्या मशीनवर आहे, बायोडेटा पाठवलाय तो वाच. प्रितेश ‘हो हो’ करत खिडकीच्या काचेत स्वतःला बघत होता.

पोहे आले, चहा आला, आणि प्रितेशने डावा हात टीपॉयवर ठेवला. पुढचा तासभर तो बोलत होता. माणूस आणि यंत्र कसे एक होणार आहेत, कातडी ही कशी जुनी कल्पना आहे, हे सगळं त्याने जासईच्या त्या हॉलमध्ये सांगितलं. रुतिका एकदा मध्ये म्हणाली, “चुंबकाचं म्हणाल तर मी रोज...”

“थांबा, सोपं करून सांगतो,” प्रितेश म्हणाला. “चुंबकाला दोन टोकं असतात.”

रुतिका थांबली. चुंबकाची दोन्ही टोकं तिने शांतपणे ऐकून घेतली.

कोपऱ्यात तिची आजी गोजरा बसली होती. तिने विचारलं, “हातान काय हाय त्याचे?”

“चिप आहे, आजी. माझी सगळी माहिती त्यात आहे.”

“आमचे म्हशीचे कानान पन हाय,” गोजराआजी म्हणाली. “पिवला बिल्ला. सरकारी डागदर येऊन फुकट लावून गेला.”

कोणी हसलं नाही, सगळे पाहुण्यांचा मान ठेवून होते. प्रितेशला मात्र आता सिद्ध करून दाखवणं भाग पडलं. त्याने रुतिकाच्या भावाला, निखिलला, मोबाईल हातावर टेकवायला सांगितला. निखिलने टेकवला. पान उघडलं. निखिलने ते एकदा वाचलं, प्रितेशकडे बघितलं आणि परत वाचलं.

“हे तुमचंच आहे का?” त्याने विचारलं.

“माझंच. वाचा ना मोठ्याने.”

“मूळव्याध? भगंदर?” निखिल वाचू लागला. “ऑपरेशनशिवाय, लाजेशिवाय कायमची सुटका.”

आजीला ऐकू आलं नाही, म्हणून त्याने ते पुन्हा एकदा, जास्त मोठ्याने वाचलं. फोटोत काळ्या चष्म्याच्या जागी एक गुटगुटीत वैद्य होता आणि त्याच्या हातात मधे भोक असलेली उशी होती. ती फुकटची साइट कधीच बंद पडली होती, आणि चिपमध्ये होता तो तिचा पत्ता दुसऱ्याच कोणी उचलला होता. प्रितेशने वर्षभरात स्वतःचा हात स्वतः कधी तपासलाच नव्हता.

“बदलून टाका की,” निखिल भल्या मनाने म्हणाला.

“लॉक आहे,” प्रितेश म्हणाला. “कायमचं.”

परतीच्या वाटेवर उरण फाट्याच्या पुढे चांगदेवमामा मागच्या सीटवरून हळूच पुढे वाकला. “प्रितेश, जरा हात दे रे इकडं.” त्याने मोबाईल टेकवला आणि पत्ता उघडून मुकाट्याने वाचत बसला.

मामाला गुण आला. पंधरा दिवसांत तो खुर्चीवर सरळ बसू लागला आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जो तो त्याला विचारू लागला. मामाला लिंक पाठवता येत नव्हती. माणसं पाठवता येत होती. रविवार सकाळ झाली की मढवींच्या दारात कळंबोलीचे दोन-तीन ड्रायव्हर तिरके उभे असायचे. चंद्राबाई त्यांना पाणी द्यायची आणि आत हाक मारायची, “प्रितेश, हात घेऊन ये.” बिचारे जाताना त्याच्या हाताला नमस्कारसुद्धा करायचे.

जासईहून नकार आला, तो अमिताने फोनवर सांगितला.

“चिपमुळे?” प्रितेशने विचारलं.

“नाही. ती म्हणाली, मुलगा वाईट नाही. पण दीड तास बसला आणि मला एकही प्रश्न विचारला नाही.”

“विचारायचं काय त्यात? बायोडेटा होता ना.”

“वाचलास?”

फोन ठेवल्यावर त्याने बायोडेटा उघडला. नोकरीच्या रकान्यात लिहिलं होतं: एमआरआय टेक्निशियन. सहा वर्षं ती मुलगी माणसाला अख्खा आत ओढून घेणाऱ्या चुंबकाशेजारी उभी होती, आणि त्याने तिला त्याची दोन टोकं समजावून सांगितली होती. प्रितेशचे कान तापले. पुढचे दोन दिवस त्याला ते आठवलं, की तो एकटा असला तरी मान खाली घालायचा.

तिसऱ्या दिवशी तो कोपरखैरण्याच्या एका डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने हात दाबून बघितला.

“काय करते ही?”

“काही नाही,” प्रितेश म्हणाला.

डॉक्टरने भूल दिली, चिप काढली, दोन टाके घातले आणि केसपेपरवर लिहिलं, ‘परकी वस्तू काढली’. चुंबकाचं विचारलं तेव्हा प्रितेशने बोट मागे घेतलं. ते राहू दे म्हणाला. ते सायन्स आहे.

मग त्याने रुतिकाला फोन केला. माफी मागितली. ती ‘असू दे’ म्हणाली. त्यावर त्याने विचारलं, “तुमचं काम कसं असतं?”

“आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, अंगात कुठे धातू आहे का. लोक नाही म्हणतात.”

“लपवतात? का?”

“कारणं असतात. परवा एक बाई आली. सासू चिकटून बसलेली. बाई म्हणाली, काहीच नाही. पण डोळे वर करेना. मी सासूला काउंटरवर सही करायला पाठवलं आणि परत विचारलं. तर तांबी होती. तीन वर्षांपासून. घरात सगळे तिला मूल होत नाही म्हणून डॉक्टरांकडे फिरवत होते.”

“मग?”

“मग काय. स्कॅनला चालत होती. मी माझ्या कागदावर लिहिलं आणि सासूसमोर पुन्हा तोंड उघडलं नाही.”

त्या बाईचा चेहरा कसा असेल, याचा प्रितेश विचार करू लागला; आणि असा विचार करणं त्याला नवीन होतं. पण तो फार वेळ टिकला नाही.

“खरंय,” तो म्हणाला. “माझं चुंबकसुद्धा एका अर्थी तसंच...”

“तसं नाही हो ते,” रुतिका म्हणाली. “ठेवते, पेशंट आलाय.”